सुस्थितीत मिळाला

"सही कर गं म्हाळसे, मला जायाचं हाय," रविराज म्हणाला आणि त्यानं रजिस्टर तिच्या पुढ्यात आपटलं.

मे महिन्याची दुपार होती. रानातली काळी जमीन हात हात भेगाळली होती, कालव्याला पाणी यायला अजून आठ दिवस होते आणि लिंबाखाली बसलेल्या माणसालासुद्धा अंगातून वाफ निघाल्यासारखं होत होतं. रविराजच्या वडिलांचा, आप्पासाहेबांचा, ट्रॅक्टर गेणू आबाच्या दारात धडधडत उभा होता. मागच्या ट्रॉलीत दोन वाकळांच्या मध्ये बसून शाळेचा काँप्युटर आला होता. गावात त्याच्या वरच्या भागाला टीव्ही म्हणत आणि खालच्या भागाला डबा.

म्हाळसानं पेन उचललं. तेवढ्यात आबा म्हणाला, "थांब."

"आता काय, आबा?"

"बघून घेऊ की. दुसऱ्याची वस्तू हाय."

"आवं, आमच्यात बी तसाच आला हुता. वाकळ सुदीक सोडली न्हाय," रविराज म्हणाला, आणि आपण काय बोलून गेलो ते त्याच्या ध्यानातही आलं नाही.

या काँप्युटरची कथा अशी. मुंबईच्या कुठल्याशा कंपनीनं आपले जुने काँप्युटर खेड्यातल्या शाळांना वाटले, त्यातला एक गावच्या हायस्कूलला मिळाला. अट एकच घातली. तो पोरांनी आपल्या जबाबदारीवर सांभाळायचा आणि तसं रजिस्टर ठेवायचं. जुलैत त्यांचा माणूस येऊन रजिस्टर बघणार आणि सगळं ठीक असलं तर आणखी दोन काँप्युटर देणार. पंधरा ऑगस्टला आप्पासाहेबांच्या हस्ते बटण दाबलं गेलं. ते शाळा कमिटीचे चेअरमन. पुढाऱ्यांची गर्दी एवढी, की मागच्या रांगेतल्या पोरींना नुसत्या माना दिसल्या. दिवाळीच्या सुट्टीत शाळेतलं भिंतीवरचं घड्याळ आणि टेपरेकॉर्डर चोरीला गेला, आणि ज्या मास्तरांना काँप्युटर कळत होता त्यांची बदली झाली. हेडसर घाबरले. त्यांनी ठरवलं, काँप्युटर पोरांच्या घरी राहील, एकेकाकडे एक महिना. सव्वीस जानेवारीला तो तेवढा शाळेत आणला, हार घातला आणि परत वाकळेत गुंडाळून पाठवला. सर नसताना बटणाला हात लावायचा नाही असा हुकूम होता, आणि हात लावून बघायची छाती तरी कुणाची होती? सहा महिन्यांत सहा नावं झाली. प्रत्येक नावापुढं एकच ओळ. सुस्थितीत मिळाला, सुस्थितीत दिला.

सातवं नाव म्हाळसाचं, गेणू आबाच्या नातीचं. नुकतीच दहावीची परीक्षा देऊन रिकामी झालेली.

गेणू आबाचा जन्म मेंढरांमागं गेला होता. आता कळप नव्हता, तीन एकर रान होतं आणि पोरगा हायवेला ट्रकवर होता. पण दुसऱ्याची मेंढरं राखायला घ्यायची रीत आबाच्या हाडात मुरलेली. कळप घ्यायचा तो दिवसाउजेडी. वाघरीच्या जाळीतून एकेक मेंढरू बाहेर सोडायचं, पाय उचलून खूर बघायचा, तोंड उघडून दात बघायचे, लोकर फाकून कातडी बघायची. लंगडं असलं तर चार माणसांत मोठ्यानं सांगायचं, लंगडं हाय. मग ते लंगडं म्हणूनच कळपात यायचं आणि उद्या कुणी कुणाकडं बोट दाखवत नसे. आबाला लिहिता येत नव्हतं, पण यात तो कुणाला ऐकणारा नव्हता.

"लाईट तीनला येतीया," आबा म्हणाला. "बस तवर. ताक पी."

रविराज बसला, कारण आबानं ट्रॅक्टरची चावी काढून टोपीत घातली होती. तीनला लाईट आली. वायरी कुठं खोचायच्या ते रविराजनं दाखवलं. म्हाळसानं बटण दाबलं. एकदा दाबलं, दोनदा दाबलं. टीव्ही काळाच राहिला. डब्यातून कुजका वास तेवढा आला.

आबानं डबा आडवा करून मागची पत्र्याची पट्टी खिळ्यानं सैल केली. आत उसाचं पाचट, चिंध्या आणि कापूस यांचं उंदराचं घरटं होतं. वायरी कुरतडलेल्या. आबानं घरटं तळहातावर घेऊन दाबलं, तसा त्याचा भुगा झाला.

"ह्ये वाळून खडंग झालंय. पिल्लं मोठी हून गेली बी. दोन-तीन म्हैन्यांमागचं काम हाय ह्ये. तुझ्या घरचं नसंल पोरा, भिऊ नको."

"मला काय म्हाईत न्हाय," रविराज म्हणाला. त्याचा चेहरा उतरला होता.

"आबा, काय लिहू?" म्हाळसानं विचारलं.

"हाय तसं लिही. लंगडं हाय तर लंगडं."

तिनं लिहिलं. बंद स्थितीत मिळाला. आत उंदराचं जुनं घरटं. खाली वळणदार सही केली. आबाला बरं वाटलं. नातीनं शाळेत जाऊन काय केलं, तर हे केलं, असं त्याला वाटलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी हेडसर आणि आप्पासाहेब दोघंही दारात.

"गेणबा, ही काय नवी भानगड?" आप्पासाहेब बाजेवर बसत म्हणाले. "सहा पोरांकडं चांगला ऱ्हायला आन् तुमच्यातच बंद पडला व्हय?"

"आमच्यात आल्यावर न्हाय पडला, आप्पासाहेब. आमी बघितला, म्हून कळलं."

"रजिस्टर काय म्हणतंय?" हेडसरांनी एकेक पान उलटून दाखवलं. "हे बघा. सुस्थितीत, सुस्थितीत, सुस्थितीत. रविराजनं एक मेला सुस्थितीत दिला. त्याच दिवशी तुमची नात लिहिते, बंद. वाचणारा काय म्हणेल?"

"पर घरटं वाळलेलं हुतं की, सर. घरटं खोटं बोलतंय व्हय?"

"घरटं कुठं आहे?"

म्हाळसाची आई सारजा दाराआडून म्हणाली, "मी काल चुलीत घातलं. घाण वास येत हुता."

आप्पासाहेब मांडीवर थाप मारून हसले. हेडसर हसले नाहीत. ते वाईट माणूस नव्हते. पुढच्या मार्चला रिटायर व्हायचे होते आणि शाळेला नीट तीन काँप्युटर देऊन जावं एवढीच त्यांची हौस होती. पण भ्यालेला भला माणूस कधी कधी चोरापेक्षा जड जातो. जाताना ते म्हणाले, "हे मिटेपर्यंत काँप्युटर इथंच राहू द्या. आणि गेणबा, हे मिटल्याशिवाय मला काही देता येणार नाही."

काय देता येणार नाही ते जूनमध्ये कळलं.

म्हाळसाला एकाहत्तर टक्के पडले. धनगराच्या आळीत तेवढे कुणाला पडले नव्हते. इंदापूरच्या कॉलेजात अकरावीला नाव घालायचं तर शाळेचा दाखला लागतो, आणि हेडसर दाखला देईनात. आबा तीनदा शाळेत गेला. एकदा सर मीटिंगला गेले होते. एकदा शिक्का सापडत नव्हता. तिसऱ्यांदा सरांनी त्याला खुर्ची दिली, पाणी दिलं आणि खालच्या आवाजात समजावलं.

"ते पान मी काढतो. नवीन पानावर तिनं दोन ओळी लिहायच्या. सुस्थितीत मिळाला, सुस्थितीत दिला. दादासोची मनिषा आता दहावीला आली आहे, तिच्याकडं पोचवा. दाखला हातात देतो. शनिवारी कॉलेजची शेवटची तारीख आहे."

"आन् मनिषाकडं गेल्यावर?"

"पुढचं पुढं बघू," सर म्हणाले आणि टेबलावरचा कागद उगाच सारखा करत बसले.

घरी सारजा आधीच पेटलेली होती. "लिहू द्या की, आबा! सहा जणांनी लिहिलंच की न्हाय? त्येंच्या घरात कुणाचं काय वाकडं झालं? कालिज न्हाय तर घरात बसवून काय करायचं पोरीला? माझ्या भावानं स्थळ आणून ठिवलंय. पोरगी तुमच्या तत्त्वापायी उजवू का आता?"

म्हाळसा भाकरी थापत होती. तिचा हात थांबला नाही, पण परातीत पीठ नव्हतंच, ती नुसतीच थापत होती.

"तुझं काय म्हनणं हाय गं?" आबानं विचारलं.

"तुमी सांगाल तसं."

गेला महिनाभर ती असंच बोलत होती. निकाल लागला त्या दिवशीही ती हसली नव्हती. आबाला तिची काळजी वाटायला हवी होती, चीड यायला हवी होती, निदान आप्पासाहेबाच्या नावानं चार शिव्या तरी तोंडात यायला हव्या होत्या. त्यातलं काहीच होईना. थंडीत रात्रभर मेंढरांत बसल्यावर पाय जसे आपले राहत नाहीत, तसं त्याला आतून झालं होतं.

शुक्रवारी ऑफिसात म्हाळसानं नव्या पानावर लिहिलं. आबा शेजारी उभा होता.

"लिही," तो म्हणाला, आणि आपला आवाज आपल्यालाच लांबून आल्यासारखा वाटला.

हेडसरांनी पान नीट वाचलं, घडी पडणार नाही असं मिटलं, आणि लगेच दाखला लिहून शिक्का मारून दिला. म्हाळसानं आबाला तो वाचून दाखवला. जन्मतारीख, जात, इयत्ता. वर्तणुकीच्या पुढं सरांनी 'उत्तम' असं लिहिलं होतं.

"झालं का समदं?" आबानं विचारलं.

"व्हय."

त्याच संध्याकाळी बैलगाडीत कडबा अंथरून, वर घोंगडं टाकून आबा आणि म्हाळसा काँप्युटर घेऊन दादासोच्या वस्तीवर गेले. दादासो आबाहून दहा-बारा वर्षांनी लहान. पोरवयात तो आबाच्याच कळपामागं हिंडला होता आणि मेंढराचा पाय कसा धरायचा हे आबानंच त्याला शिकवलं होतं. आबाला बघून तो उठून उभा राहिला. पोरीनं पाण्याचा तांब्या आणला, कुणीतरी चहा टाकला. चौघांनी धरून काँप्युटर ओट्यावर ठेवला.

म्हाळसानं रजिस्टर मनिषापुढं उघडून धरलं.

आबाला वाटलं, आता दादासो म्हणंल, थांब. वाटलं, म्हणावंच त्यानं. काँप्युटरची वायर भिंतीतल्या बटणापासून हातभरच लांब होती आणि त्या वेळी घरात लाईट होती.

"कर सही, पोरी," दादासो म्हणाला. "दुसऱ्या कुनाच्या घरनं आला असता तर म्या बापाला बी सोडला नसता, पुरा उघडून बघितला असता. पर ह्यो गेणू आबाच्या घरनं आलाय. हितं बघायचं म्हंजी त्येंचा आपमान."

मनिषानं सही केली. आबाच्या हातात चहा होता. त्यानं तो पिऊन टाकला आणि कप खाली ठेवला.

"ताई," मनिषानं म्हाळसाला विचारलं, "चालू झाल्यावर ह्यात काय दिसतं गं?"

म्हाळसा दाखल्याची पिशवी छातीशी धरून उभी होती.

"मला म्हाईत न्हाय," ती म्हणाली. "मी कंदी चालू बघितलाच न्हाय."

दादासोनं कौतुकानं मान हलवली. "ऐकलंस का मनिषा? दोन म्हैने घरात हुता, पर बोट लावलं न्हाय पोरीनं. असं जपायचं असतं."