मंगळवार-शुक्रवारची गाडी

गाडीला वार कळत नाही, एवढं गाड्यांच्या वायरिंगची कामं करणाऱ्या पप्पू वायरमनला वीस वर्षांच्या धंद्यात पक्कं ठाऊक होतं. पण धुळाआबांच्या गाडीनं त्याचं तेही ज्ञान डळमळीत करून टाकलं. इतर दिवशी ती बाजाराला जायची, पाव्हण्यांकडं जायची, पेंडीची पोती वाहायची, आणि कुरकुर म्हणून नाही. मंगळवारी आणि शुक्रवारी मात्र ढालगावाकडून कवठेमहांकाळला येता येता कुठंतरी गचका खाऊन बंद पडायची. बरं, दर खेपेलाही नाही. कधी दोनदा नीट जायची आणि तिसऱ्यांदा दगा द्यायची, कधी लगेच पुढच्याच खेपेला.

आणि नेमक्या ह्याच दोन दिवशी तिनं बंद पडून चालणार नव्हतं. आबांची बायको धोंडुबाई हिची दोन्ही मूत्रपिंडं निकामी झालेली. मंगळवारी-शुक्रवारी अकराच्या आत तिला मिरजेच्या दवाखान्यात डायलिसिसच्या मशीनवर घ्यायचं असे. नंबर चुकला की पाय सुजायचे, दम लागायचा. लेक इंद्रजित सोनं-चांदी गाळायच्या गलाईच्या धंद्यात तिकडं कोइमतूरला. त्यानं लोणंदच्या एका माणसाकडून ही पंधरा वर्षं वापरलेली गाडी आईच्या ह्या फेऱ्यांसाठीच घेऊन दिली होती. जन्मभर मेंढरांमागं चाललेले आबा साठीत स्टिअरिंग शिकले, तेही तिच्यासाठीच.

गाडी बंद पडली की कुणाच्या तरी पिकअपला दोर बांधून कवठेमहांकाळात पप्पूच्या दुकानाच्या दारात यायची. पप्पू मलकापूरच्या गुंडा उस्तादाच्या हाताखाली तयार झालेला. उस्तादाची शिस्त अशी, की बॉनेट उघडलं की आधी कॉम्प्रेसरची हवा मारून सगळी धूळ उडवायची आणि मगच वायरींना हात लावायचा. पप्पू ती शिस्त देवपूजेसारखी पाळायचा. हवा मारायची, एखादी वायर ताणून बघायची, चावी फिरवायची, की गाडी चालू. त्यानं बॅटरीचे टर्मिनल बदलले, अर्थिंगची वायर बदलली, मग चावीचा स्विच, मग पेट्रोलच्या पंपाला करंट देणारा रिलेही नवा घातला. प्रत्येक खेपेला गाडी चालू झाली आणि प्रत्येक खेपेला ह्या गृहस्थानं छाती फुगवून सांगितलं, "आबा, आता बिनघोर जावा." त्या बिनघोर शब्दाची त्याला पुढं पुढं लाज वाटायला लागली.

परवाच्या मंगळवारी गाडी पुन्हा दोराला बांधून आली, तेव्हा बारा वाजले होते. नंबर गेला होता. आबा दवाखान्यात फोन लावत रस्त्यावर येरझाऱ्या घालत होते. धोंडुबाई दुकानातल्या बाकड्यावर बसली होती, सुजलेले पाय एकमेकांवर ठेवून.

"पप्पू," ती म्हणाली, "आता नगं मरमर करूस. मला कळलंय गाडी का थांबतीया ती."

"का वं मावशी?"

"बिरोबाच्या मनात न्हाई. बाजाराला जाती, लगनाला जाती, आन मला दवाखान्यात न्ह्यायची म्हनलं की थांबती. द्येव आडवतोय म्हंजे माजं दिस भरल्यात. ह्या शुक्करवारी जाईन, म्हाताऱ्याचं मन मोडाय नगं म्हनून. परत थांबली, तर त्या सुया मी टोचून घ्यायची न्हाई."

डायलिसिस सोडलेलं माणूस किती दिवस काढतं हे पप्पूला ठाऊक होतं. त्याची चुलती तशीच गेली होती. देव वगैरे काही नसतं असं म्हणणाऱ्यांतला तो नव्हता, आणि गाडी फक्त ह्याच वारी का बंद पडते ह्याचं उत्तर त्याच्याकडंही नव्हतं. सगळ्यात वाईट हे, की क्षणभर त्याला तिचं खरंच वाटलं.

शुक्रवारी सकाळी सातलाच तो मोटारसायकलवरून त्यांच्या वस्तीवर हजर झाला. आज हा बाबा गाडीबरोबर मिरजेपर्यंत जाणार होता. आबांनी बॉनेट उघडून पाणी-ऑइल बघितलं. पप्पूनं पंपाच्या वायरीला एक बारका बल्ब जोडला आणि त्याची वायर खिडकीतून आत घेतली. करंट गेला की बल्ब विझणार. तेवढ्यात धोंडुबाई भंडाऱ्याची पिशवी घेऊन आली. हळदीचा तो पिवळा भंडारा तिनं मूठभर इंजिनावर उधळला, चिमूटभर आबांच्या कपाळाला लावला, चिमूटभर पप्पूच्या. "बिरोबाच्या नावानं चांगभलं," ती म्हणाली. पप्पूनंही हात जोडले आणि बॉनेट खाली टाकलं.

दहा-बारा किलोमीटर बल्ब लख्ख जळत होता. एका गतिरोधकावर गाडी आदळली, बल्ब लुकलुकला आणि विझला. पाठोपाठ इंजिनानं मान टाकली. आबांनी गाडी कशीबशी बाजूला घेतली. 

पप्पूनं बॉनेट उघडलं आणि सवयीनं त्याचा हात हवेच्या पायपाकडं गेला. पाइप कुठला इथं? आजूबाजूला नुसती द्राक्षाची बाग. गाडी बंद पडल्यावर हवा न मारता आत डोकावायची त्याची ही पहिलीच वेळ होती. फ्यूजच्या डब्याला झाकण नव्हतं. ते लोणंदलाच कधीतरी हरवलेलं. त्यानं पंपाचा रिले उपसला. ज्या फटींत त्याच्या पितळी पट्ट्या बसतात, त्या फटी पिवळ्याधमक भुकटीनं ठासून भरल्या होत्या. गाडी आदळली की ती हळद मधे सरकायची, आणि हळद मधे आली की पट्टी पट्टीला टेकत नाही. टेकली नाही की करंट नाही. करंट नाही की पंप नाही.

पप्पू रिले हातात घेऊन मठ्ठासारखा उभा राहिला. मग त्याच्या डोक्यात वारांचा हिशेब लागला. बाजाराला जाताना कुणी इंजिनाला भंडारा लावत नाही, तो उधळला जायचा फक्त दवाखान्याच्या वारी. आणि दर खेपेला तो सगळा पुरावा त्यानं स्वतः, उस्तादाच्या शिस्तीनं, पहिल्याच फुंकरीत उडवला होता.

गपचूप पुसून वायर तुटली होती म्हणावं, असं त्याच्या मनात आलं. पण मग ती मंगळवारी पुन्हा मूठ उधळणार होती. तो मागच्या दारापाशी गेला आणि रिले तिच्यापुढं धरला.

"मावशी, गाडी ह्यानं थांबतीया. तुमचा भंडारा आत जाऊन बसतोय."

धोंडुबाईनं रिलेकडं बघितलं, मग स्वतःच्या पिवळ्या बोटांकडं.

"म्हंजे द्येव आडवत न्हवता?"

"द्येव कशाला आडवंल? चूक माजी हाय. मी कवाच नीट बगितलं न्हाई, नुसती हवा मारून उडवत राहिलो."

"मी घालायचं आन तू उडवायचं," ती म्हणाली. तिला हसू आलं, पण ते हसू पुरतं झालं नाही. पदर तोंडाला लावून ती रडायला लागली. "आरं, मी माज्या बुगड्या सोनमला दिऊन टाकल्या की रं."

सोनम म्हणजे तिची नात. आबा पुढच्या सीटवर वळून बसले होते. हे ते आत्ताच ऐकत होते.

"कवा?"

"मागल्या आयतवारी. आन तुमच्या धोतरजोड्या कुटं ठेवल्यात, त्येबी तिला दावून ठेवलंय."

आबा बराच वेळ तिच्या मोकळ्या कानांकडं बघत राहिले. इतके दिवस एका घरात राहून ते त्यांच्या ध्यानात आलं नव्हतं. पप्पूनं टूथब्रशनं फटी साफ केल्या, रिले बसवला, वरून प्लास्टिकची पिशवी घट्ट बांधली आणि चावी मारायला सांगितलं. गाडी पहिल्या झटक्याला चालू झाली, पण तिकडं दोघांचंही लक्ष नव्हतं.

"पोरीकडनं माघारी मागून घ्यायच्या," आबा म्हणाले.

"दिलेलं कसं मागू?"

"मी मागतो," आबा म्हणाले, आणि त्यांनी गाडी मिरजेच्या रस्त्याला घेतली.