साऱ्या बोटीची सही

लुईझियानाच्या खाडीकाठी आल्सीड व्हेरेइतका हेकट माणूस दुसरा नव्हता. त्याच्या कोळंबीच्या बोटीवर त्याचाच शब्द चालायचा, आणि घरातही. बाप गेल्यापासून धाकट्या बहिणीच्या, ओडीलच्या, शाळेच्या कागदांवरसुद्धा सही त्याचीच.

समुद्रात तेल सांडलं त्या वर्षी दोघा भावंडांनी चार महिने तो काळा चिखल उपसला. पुढे तेल कंपनीने सफाईच्या सगळ्या कामगारांशी मिळून एकच तडजोड केली. नोटिसा घरोघर आल्या: आज आजारी आहेत ते आणि उद्या पडतील तेही यात धरलेत, त्यांना पुढे दावा लावता येणार नाही; ज्याला हे नको त्याने मुदतीत लेखी कळवावं. आल्सीड भडकला. "उद्याचं दुखणं आजच मिटवतायत, हरामखोर!" बसल्या बैठकीला त्याने पत्र लिहिलं, 'मी आणि माझी बोट यात नाही', आणि खाली झोकात सही ठोकली.

सात वर्षांनी ओडीलला रक्ताचा कर्करोग निघाला.

गिड्री वकीलबाईंनी ते पत्र दोनदा वाचलं. "तुम्ही बाहेर आहात, कॅप्टन. तुम्ही खुशाल दावा लावा."

"मला काय धाड भरलीय? दावा हिचा आहे!"

"यांचं पत्र कुठाय?"

"हेच की! ती बोटीवरच होती ना?"

"बोटीची सही चालत नाही. ज्याने त्याने आपापलं पत्र द्यायचं होतं. यांनी दिलं नाही, म्हणजे या तडजोडीत आल्या. आता कोर्टाचं दार बंद."

"अहो, तेव्हा हिला साधी सर्दी नव्हती! न झालेल्या रोगाची तडजोड ही कशी करणार?"

"असंच एक प्रकरण मी लढले आणि हरले," बाई म्हणाल्या. "उशिरा निघालेल्या आजाराला या तडजोडीत फक्त मोफत तपासणी आहे. तीन वर्षांतून एकदा."

ओडील फिसकन हसली. "तोवर मी राहिले तर!"

गाडीत बसल्यावर मात्र तिचा चेहरा उतरला. "माझ्या नावाची नोटीस वेगळी आली होती?"

"आली होती."

"मग?"

"फाडली. म्हटलं, एक पत्र दोघांना पुरे."

"दादा, मी शेजारच्या खोलीतच होते रे. एक हाक मारायचीस."

आल्सीड स्टिअरिंगवर डोकं टेकवून ढसाढसा रडला. ओडीलने त्याला उगी म्हटलं नाही.