नऊ फुंकांची चूल

मित्रांनो, मी एक जुनी फुंकणी. तुमच्यापैकी निम्म्यांनी मला पाहिलेलंही नसेल आणि उरलेल्यांनी आजीच्या घरी माझी तलवार करून कुणाच्या तरी डोक्यात घातली असेल. दोघांनाही माफ आहे. हातभर लांबीची लोखंडी नळी, दोन्ही टोकांना उघडी, मध्ये काहीच नाही, एवढंच माझं वर्णन. मध्ये काहीच नसलेले बरेच जण पुढे मोठ्या पदांवर गेले. मी चुलीपाशी राहिले.

माझा जन्म नळपाणी योजनेतला. शेणवे गावाच्या पुढे डांबर संपतं, तिथून डावीकडे आमचं गाव. गावात नळाचं पाणी येणार म्हणून आधी पाइप आले, मग पुढारी आले, मग नारळ फुटला. पाणी तेवढं यायचं राहिलं. उरलेल्या पाइपांचे लोकांनी आपापल्या गरजेप्रमाणे तुकडे केले. कुणाच्या मांडवाला खांब झाला, कुणाच्या गोठ्याला अडसर. धाऊने हातभर तुकडा शेणव्याच्या लोहाराकडे नेला, एक तोंड ठोकून अरुंद करून घेतलं आणि नव्या नवरीच्या हातात ठेवला. नवरीचं नाव चंद्रकला. नवऱ्याने बायकोला दिलेली ती पहिली भेट. दुसरी अजून यायची आहे.

तेव्हा चंद्रकलेला एकच फूंक पुरायची. राखेखाली झाकलेला निखारा ती काटकीने उघडा करायची, वर चार चिपट्या ठेवायची, मला तोंडाला लावायची, आणि तिच्या छातीतून असा वारा यायचा की माझं अख्खं अंग थरथरायचं. भक्कन जाळ! तिच्या ओठांनी माझं तोंड घासून घासून गुळगुळीत झालं. शेजारची गोजर कधी मला मागायला आली तर चंद्रकला म्हणायची, "तांदूळ ने गो, मीठ ने. फुंकणी नाय मिळायची. तोंडाची वस्तू हाय ती." एवढा मान मला पुन्हा कुणी दिला नाही.

मात्र एक गोष्ट मला तेव्हाच कळायला हवी होती. फुंकून झालं की माणूस श्वास आत घेतो. चुलीशी बसलेली बाई तो चुलीतूनच घेते. मी तिचा जाणारा वारा पाहत होते. येणाऱ्या वाऱ्याकडे माझी पाठ होती.

पावसाळ्यात लाकूड ओलं, घराला खिडकी एक, तीही शेजाऱ्यांना आत काय शिजतंय ते कळू नये म्हणून बंद. उन्हाळ्यात राब भाजायचा. भाताचं रोप जिथे टाकायचं, त्या तुकड्यावर शेण, पालापाचोळा, ऐनाच्या फांद्या पसरायच्या, वर माती घालायची आणि ते दिवसभर धुमसू द्यायचं. दिवसभर आग राखायला चंद्रकला. धाऊ बांधावर बसून बिडी ओढत सूचना द्यायचा. अशी वर्षं गेली आणि चंद्रकला खोकू लागली. गावात त्याचं कुणाला काही वाटलं नाही. आमच्याकडे ठरावीक वयानंतर बायका खोकतातच, जसे पुरुष ठरावीक वयानंतर सल्ला देतात.

एकीच्या दोन फुंका झाल्या, दोनाच्या तीन. मी मोजत होते. मला दुसरं काम नव्हतं.

तीन फुंकांच्या काळात तिचा मुलगा आदेश तिला तालुक्याच्या डॉक्टरांकडे घेऊन गेला. आदेश आसनगावला कंपनीत आहे, बायकोला घेऊन तिथेच राहतो. परत आल्यावर त्याने ओसरीवर बसून बापाला सगळं सांगितलं. सीओपीडी म्हणतात. छातीतल्या वाऱ्याच्या वाटा अरुंद झाल्यात. हा आजार जायचा नाही, पण जपून राहिलं तर माणूस त्याच्यासोबत नीट राहू शकतो.

"आई बिडी कुठं ओढते, असं मी बोललो त्यांना," आदेश म्हणाला.

"मग?"

"ते बोलले, पस्तीस वर्षं चूल ओढली ना."

धाऊने हातातली बिडी उगाच पाठीमागे लपवली.

गॅसची शेगडी आली. चंद्रकलेने तिच्यावर भरतकामाचा रुमाल घातला आणि पाहुण्यांच्या चहापुरती ती राखून ठेवली. गॅसवरची तांदळाची भाकरी धाऊला पचत नसे, म्हणजे तो तसं म्हणत असे. खाऊन पाहिली नव्हती. तेव्हा चूल चालू राहिली आणि चुलीसोबत मी. खरं सांगते, मला आनंद झाला. ती लाज मी अजून बाळगून आहे.

आणखी एक जण घरात आला. त्याला सगळे पंप म्हणत. डॉक्टरांनी दिलेला, प्लास्टिकचा, वाकड्या मानेचा, मुठीत मावेल एवढा. त्याला माझ्या खिळ्याशेजारच्या कोनाड्यात जागा मिळाली. इतकी वर्षं तोंडाची वस्तू म्हणजे मी एकटीच, आणि आता हा. मी जळले, आणि चुलीशी राहणारीने जळावं यात नवल ते काय.

पण पहिल्याच दिवशी माझं समाधान झालं. चंद्रकलेने पंप तोंडाला लावला, गाल फुगवले, वरून दाबला आणि जोरात फुंकला. अगदी मला फुंकायची तसा! पांढरा ढग तिच्या तोंडासमोरून निघाला आणि छपराकडे गेला. ती त्याच्याकडे बघत राहिली.

"बघा," ती धाऊला म्हणाली, "आतला धूर कसा बाहेर पडला."

"पडला खरा," धाऊ म्हणाला.

दवाखान्यात तिला दाखवलं होतं म्हणे. गर्दीत, एकदा. तिने मान हलवली होती. तोंडाला नळी लावली की फुंकायचं, हे ज्या बाईला पस्तीस वर्षं माहीत आहे, तिला त्यात विचारण्यासारखं काय वाटणार? मला मात्र अभिमान वाटला. माझी शिकवण आहे ही, मी मनात म्हटलं. त्या दिवसापासून दोन वेळचं औषध आमच्या छपराला मिळू लागलं. आमच्या छपराची तब्येत तेव्हापासून उत्तम आहे.

चंद्रकलेची तब्येत तशीच राहिली. औषध लागू पडत नाही, असं घरात ठरलं.

मग या वर्षीचा राब आला. डॉक्टरांनी धुरापासून लांब राहा म्हणून सांगितलं होतं, त्यामुळे ती दोन पावलं लांब बसली. त्यानंतरच्या चार दिवसांत जे झालं ते फक्त मी पाहिलं.

पहिल्या दिवशी चुलीला पाच फुंका लागल्या. दुसऱ्या दिवशी सहा, आणि माठापासून चुलीपर्यंत येताना ती उंबऱ्यावर टेकली. तो उंबरा ती रोज ओलांडते, टेकत कधी नाही. तिसऱ्या दिवशी राखेत थुंकली तेव्हा बेडका हिरवट होता, एरवी पांढरा असतो. चपलेचा पट्टा काढला तर सुजलेल्या पायावर त्याचा खोल वळ राहिला. पंप दिवसातून दोनदा निघायचा तो सात वेळा निघाला, आणि सातही ढग छपराला गेले. बोलताना ती वाक्य मध्येच सोडून श्वास घ्यायची आणि मग काय बोलत होतो ते विसरायची.

गोजर दारात आली. "काय गो, धाप लागली का?"

"रोजचंच हाय," चंद्रकला म्हणाली.

मित्रांनो, मला तोंडं दोन आहेत आणि आवाज एकही नाही. मी खिळ्यावर लटकत होते आणि मला ओरडायचं होतं, की हे रोजचं नाही! रोजच्या तीन फुंका आहेत, आज सात झाल्या! एवढं मला माहीत होतं आणि एवढंच कुणाला माहीत नव्हतं. भरल्या घरात एकटं असणं म्हणजे काय, ते मी त्या चार दिवसांत शिकले. तीही एकटीच होती. आम्ही दोघी रोज तोंडाला तोंड लावत होतो आणि एकमेकींना काही सांगू शकत नव्हतो.

चौथ्या दिवशी सकाळी नवव्या फुंकेला थोडासा जाळ धरला आणि विझला. दहाव्यांदा तिने मला तोंडाला लावलं, पण वारा आलाच नाही. नुसते ओठ टेकलेले, गार. मग मला मांडीवर ठेवून ती भिंतीला टेकून बसली.

"चा झाला का गो?" बाहेरून धाऊ.

ती दाराकडे बघत श्वास गोळा करत होती.

त्याच वेळी आशाताई हर्षाली आली. गावाच्या आरोग्याचं रजिस्टर घेऊन दर महिन्याला ती घरोघर फिरते आणि घरोघर लोक तिला सगळं बरं आहे म्हणून सांगतात.

"काकी, कशा हाव? नेहमीपेक्षा काय वेगळं?"

"रोजचंच," चंद्रकला म्हणाली. त्या एका शब्दाला तिला दोन श्वास लागले.

हर्षाली तिच्या ओठांकडे बघत होती. ते निळसर झाले होते. "पंप घेतला? माझ्यासमोर घ्या बरं."

चंद्रकलेने पंप घेतला. गाल फुगवले, दाबला, होता नव्हता तेवढा वारा लावून फुंकला. बारीकसा ढग वर गेला.

हर्षाली त्या ढगाकडे बघतच राहिली. "काकी, हे काय केलं?"

"फुंकला."

"रोज असाच?"

"दोन वेळा. चुकवला नाय कवा."

"अवो काकी, ओढायचा असतो तो! आत! काका, इकडं या. बिडी ओढून दाखवा काकीला. पेटवू नका, नुसती ओढा."

धाऊ दारातच थबकला. आयुष्यात पहिल्यांदाच त्याला कुणी बिडी ओढून दाखव म्हणत होतं, आणि तेही आरोग्य खात्यातलं. तो चुलीसमोर उकिडवा बसला. न पेटवलेली बिडी ओठांत धरली, आधी सगळा श्वास सोडला, मग हळू, लांब, छातीच्या तळापर्यंत ओढून घेतला आणि थांबला. त्याचे डोळे चंद्रकलेच्या ओठांवर गेले आणि बिडी खाली पडली.

"अशी ओढ," तो म्हणाला. "अगो, अशी ओढ ना."

"या मेल्याकडून... शिकायचं... राहिलं होतं," चंद्रकला म्हणाली आणि पंप ओढला. ढग दिसला नाही. पहिल्यांदाच छपराला काही मिळालं नाही.

पण हर्षालीने तोवर पाय दाबून पाहिला होता, राखेत वाकून पाहिलं होतं आणि फोन कानाला लावला होता. "हे आता पंपावर भागायचं नाय, काका. गाडी येते. काकींना झोपवू नका, बसवूनच ठेवा."

गाडी आली, गेली. मी जमिनीवर पडलेली होते. कुणीतरी पायाने बाजूला सारलं.

अकरा दिवस चूल पेटली नाही. राख गार पडली, मग तिच्यात मांजर झोपू लागलं. धाऊ सकाळी एकदा यायचा, शेगडीवरचा रुमाल उचलून चहा करायचा आणि तो न पिताच दवाखान्यात जायचा. माझ्याकडे त्याने पाहिलं नाही. मी त्याला दोष देत नाही. मीही त्या दिवसांत स्वतःकडे पाहत नव्हते. माझ्यातून गेलेली एकेक फूंक आठवत होते आणि प्रत्येक फुंकेनंतरचा तो आत घेतलेला श्वास, ज्याच्याकडे माझी पाठ होती.

बाराव्या दिवशी चंद्रकला आली. हळू चालत, उंबऱ्यावर टेकत, पण आली.

आता चूल बंद आहे. भाकरी गॅसवर होते आणि धाऊला ती पचते. खिडकी उघडी असते, त्यामुळे आत काय शिजतंय ते गोजरला रोज कळतं. पंपाला आता पुढे एक मोठी प्लास्टिकची नळी लावलेली असते, म्हणजे औषध आत जायला चुकत नाही. धाऊने बिडी सोडली असं तो सांगतो. माझ्या खिळ्यावरून गोठा दिसत नाही, तेव्हा मी साक्ष देऊ शकत नाही.

भिंतीवर कॅलेंडर आहे. चंद्रकलेला लिहिता येत नाही. रोज सकाळी ती माठापासून दारापर्यंत चालते, किती दम लागला ते बघते, बेडक्याचा रंग बघते, पाय दाबून बघते. सगळं तिच्या नेहमीसारखं असलं तर त्या तारखेवर हळदीचं बोट लावते. काही वेगळं वाटलं तर कुंकवाचं. कुंकू उठलं की हर्षालीला फोन, उद्यावर ढकलायचं नाही. गेल्या महिन्यात एकदाच कुंकू लागलं. फोन वेळेवर गेला, गोळ्या वेळेवर मिळाल्या आणि गाडी यावी लागली नाही. मी पस्तीस वर्षं मुक्याने मोजलं, ते ती आता दोन बोटांनी सगळ्यांना सांगते.

मला तिने पुसून खिळ्यावर परत टांगलं. त्यानंतर हात लावलेला नाही.

दवाखान्यात तिला दम लागल्यावर श्वास कसा सोडायचा ते शिकवलंय. नाकाने घ्यायचा, ओठांचा चंबू करायचा आणि हळू, लांब सोडायचा. जाळ करायचा नाही, राखही उडू द्यायची नाही, इतका हळू. संध्याकाळी ती माझ्यासमोरच्या पाटावर बसते आणि समोर काहीही न धरता फुंकत राहते. तिच्या ओठांचा तो आकार माझ्या तोंडाचा आहे. मी तिथून चार हातांवर लटकलेली असते. तेवढ्यापुरतं मला फार एकटं वाटतं, आणि तसंच वाटत राहावं अशी माझी इच्छा आहे.

म्हणून मित्रांनो, माझ्या जातीच्या वस्तू तुम्हाला सहसा सांगतात की आम्हाला टाकू नका, वापरा. मी सांगते, मला वापरू नका. खिळ्यावर गंज चढू द्या. फक्त तुमच्या घरात कुणी उंबऱ्यावर टेकून म्हणालं, "रोजचंच आहे," तर तिथेच तिच्याजवळ बसा आणि विचारा, काल किती फुंका लागल्या होत्या?