चांदीसकट वजन

सुनिताचं पत्र सहा वर्षं माझ्या भूलशास्त्राच्या पुस्तकात होतं. "डॉक्टरसाहेब, माझी आई खोटं बोलली होती का? पाड्यावर तिला दारुडी म्हणतात. दुसऱ्या पायाचं ऑपरेशन ती करू देत नाही. दोन ओळी लिहा."

तिची आई फुलीबाई धडगावच्या वरच्या पाड्यावरची. दरसाल गुजरातेत ऊसतोडीला जाऊन पायांच्या शिरा फुगून गाठाळल्या होत्या. शहाद्याच्या ज्या दवाखान्यात मी भूल देत असे, तिथं तिच्या एका पायाचं ऑपरेशन ठरलं. कमरेतून द्यायच्या भुलीच्या जोडीला गुंगीचं औषध, किलोमागे अर्धा मायक्रोग्रॅम की एक, हे मी ठरवायचं. मला अर्धा पुरेसा वाटत होता. पण सर्जन हसले, "डॉक्टर, मागचा पेशंट टेबलावर गप्पा मारत होता. आज झोपवा जरा!"

मला उलट बोलणं जमत नाही. मी एक धरला. कागदावर वजन होतं सेहेचाळीस.

अर्ध्या तासात नाडी अडतिसावर आली. इंजेक्शन देऊन ती सावरली, पण बाई संध्याकाळपर्यंत धड जागी होईना.

"मोहानी दारू पिईसन उनी व्हई, सर," सिस्टर ममता सगळ्यांसमोर म्हणाली.

"मी नाय पिली, डाक्तर," फुलीबाई जड जिभेनं म्हणाली. "सुनी, तू सांग ना."

सुनितानं फडक्याची गाठ सोडली. आत आईची गळ्यातली हासळी, पायांतली कडी, कमरेची साखळी. सगळी चांदी. उचलायला तिला दोन्ही हात लागले. सकाळी काट्यावर हे सारं आईच्या अंगावर होतं. वजन पुन्हा घ्या, असं मी म्हटलं नव्हतं.

मला तेव्हाच कळलं. तरी सर्जन म्हणाले, "लिहा तसं," आणि मी कागदावर 'दारू घेतल्याची शक्यता' लिहिलं.

मागच्या आठवड्यात पुस्तकं लोणखेड्याच्या कॉलेजला देण्यासाठी काढली. पत्र सापडलं असं म्हणणार नाही. ते कुठल्या पानात आहे, हे मला रोज ठाऊक होतं.

सात कागद फाडल्यावर लिहिलं : "सुनिता, तुझी आई खरं बोलली. वजन चांदीसकट धरलं गेलं, मी तपासलं नाही. मात्राही मीच जास्त निवडली. दारूचं मी खोटं लिहिलं. हे पाड्यावर मोठ्यानं वाच. दुसऱ्या पायाच्या वेळी भूल देणाऱ्याला दाखव. उशिराची माफी मागायलाही मला लाज वाटते."

पोस्टाच्या खिडकीत दिनेश होता. "बाबा, रजिस्टर करनं शे का?"

"हो."

त्यानं पाकीट काट्यावर ठेवलं. मी चष्मा पुसला, वाकलो आणि आकडा स्वतः वाचला. मग म्हटलं, "पाठवा."