लोह्याहून निघालेला तांब्या

मी फिरकीचा तांब्या बोलतोय. पितळेचा, पोट गोल, मान आखूड आणि वर आटे असलेलं झाकण. झाकण फिरवून घट्ट लावलं की एसटीच्या कितीही हादऱ्यांत थेंब सांडत नाही, म्हणून प्रवासाला निघताना लोक आधी मला भरायचे.

लातूरच्या एका कासारानं मला घडवलं. रुक्मिणबाईला तिच्या बापानं लग्नात मला दिलं आणि तिच्यासोबत मी लोह्याजवळच्या खेड्यात आलो. तिला दोन मुली. थोरली अयोध्या, धाकटी सिंधु. रुक्मिणबाई मला चिंचेनं घासायची, दिवाळीआधी कल्हई करून आणायची. बसस्टँडवर कुणाचंही लेकरू रडलं तर ती आधी माझं झाकण फिरवायची. "पाणी आपलं थोडंच असतंय?" म्हणायची.

सिंधु शिकली, लातूरला दवाखान्यात नर्स झाली. अयोध्या गावातच बजरंगरावांच्या घरी नांदली आणि आईमागं मी तिच्याकडं आलो. ती रोज मला शेतात न्यायची. पुढं प्लास्टिकच्या बाटल्या आल्या. मग मी फडताळात तूरडाळीच्या डब्यामागं गेलो. किती वर्षं, ते अंधारात कुठं कळतं?

एके दिवशी फडताळ उघडलं. सिंधु निवृत्त झाली होती. ती आणि तिची नांदेडची मैत्रीण तनुजा, दोघींनी बँकॉकला जायचं ठरवलं होतं. "अक्का, तू बी चल," म्हणून सिंधु हटून बसली.

"म्या कशाला? तुमच्या पायात पायात येईन," अयोध्या म्हणाली.

बजरंगराव ओसरीवरून हसले. "जा की. जन्मभर म्हशीमागं फिरलीस, आता इमानात बस."

अयोध्यानं घाईघाईनं धपाटे बांधले आणि मला बाहेर काढलं. हैदराबादच्या विमानतळावर गणवेशातल्या पोरीनं माझं पाणी ओतून टाकायला लावलं. अयोध्याला ते फार लागलं. "पाण्यानं काय बिघडतंय वो?" ती दोनदा म्हणाली. मग विमानभर मला मांडीवर धरून बसली.

दुपारी बँकॉक. ऊन आपल्यासारखंच, पण चिकट. हॉटेलात बॅगा टाकून तिघी नदीवर नावेत बसायला निघाल्या. तनुजानं बाटली विकत घेऊन मला भरलं. धक्क्यावर ही गर्दी! नाव लागली, तनुजा चढली, सिंधु चढली. अयोध्या मात्र एका फुलवालीच्या टोपलीपाशी थबकली. टोपलीत झेंडू होता, थेट तिच्या बांधावरच्यासारखा. ती वाकून बघते न बघते तोच दोर सुटला. वळून पाहते तर नाव मधोमध.

"सिंधेऽऽ!" तिनं हाक मारली. इंजिनाच्या आवाजात ती विरली.

तिचा फोन हॉटेलात चार्जिंगला राहिला होता. हॉटेलचं नाव तिला वाचता आलं नव्हतं. तिनं मला छातीशी धरलं, तेव्हा तिचं काळीज माझ्या पत्र्यावर धडधडत होतं.

फुलवाली तिच्याच वयाची. तिनं एक स्टूल पुढं सरकवलं.

"बहीण गेली वो पुढं. नावेत," अयोध्या मराठीतच म्हणाली. फुलवाली तिच्या भाषेत काहीतरी बोलली आणि नदीकडं हात करून तळवा उलटा फिरवला. नाव परत येते, असं असावं.

फुलं कोमेजत होती. फुलवालीची पाण्याची बाटली रिकामी झाली. अयोध्यानं माझं झाकण फिरवलं, ओंजळीत पाणी घेतलं आणि फुलांवर शिंपडलं. मग हात रिकामे ठेववेनात म्हणून तिनं खुणेनं सुई-दोरा मागितला. मोगऱ्याच्या कळ्या ओवता ओवता ती त्या अनोळखी बाईला सांगू लागली.

"म्या सात वरसांची होते. माहूरला गेलतो. रेणुकामातेच्या पायऱ्यांवर म्या मागं राहिले. सगळे गाडीपस्तोर गेले, कुणाला पत्ताच न्हाई. मग बाप म्हनला, पाणी द्या. तवा ध्यानात आलं, तांब्या न्हाई. तांब्या बघाया आले, तर म्या घावले." ती हसली. "माय लई हसून सांगायची सगळ्यांला. म्या बी हसायचे."

मला हे ठाऊक होतं. त्या दिवशी मी तिच्याच काखेत होतो. पण हसता हसता तिला काय वाटत होतं, ते मला त्या धक्क्यावरच कळलं. फुलवालीला शब्द कळले नाहीत. तिनं फक्त अयोध्याच्या गुडघ्यावर हात ठेवला.

नाव परतली ती ऊन कललं तेव्हा. नाव नीट लागायच्या आतच सिंधुनं उडी टाकली. चप्पल एका पायातच होती, डोळे लाल. मागून तनुजा "अगं सावकाश!" ओरडत होती.

सिंधुनं अक्काला मिठी मारली, आणि गदागदा हलवलंसुद्धा. "कुठं व्हतीस गं? मेले असते ना म्या!"

अयोध्या गोंधळली. तिनं मला पुढं केलं. "तहान लागली आसंल..."

"आग लागो त्या तांब्याला! तू घावलीस ना?" सिंधु म्हणाली आणि तिच्या खांद्यावर तोंड लपवून रडू लागली. अयोध्या तिच्या पाठीवरून हात फिरवत राहिली. तिचा चेहरा मी आयुष्यभर पाहिलाय, पण असा कधी पाहिला नव्हता.

निघताना तनुजानं फुलवालीपुढं नोटा धरल्या. तिनं हात जोडून नकारार्थी मान हलवली. तेव्हा अयोध्यानं मला पदरानं पुसलं आणि फुलवालीच्या हातात दिलं.

"अक्का, आईचा हाय तो!" सिंधु दचकली.

"हाव. मायनं बी दिलाच आसता."

सिंधुनं एकदा माझ्या पोटावरून बोट फिरवलं. मग दोघी एकमेकींचा हात धरून चालू लागल्या. अयोध्यानं मागं वळून पाहिलं नाही.

तेव्हापासून मी इथंच आहे. फुलांवर पाणी शिंपडायचं काम आहे, सुखाचं आहे. मालकीण मला लिंबानं घासते. कल्हई मात्र उडालीय. इथली भाषा हळूहळू कळू लागलीय. तरी झेंडूची नवी टोपली उतरली की लोह्याची आठवण येते आणि दिवसभर जात नाही.

तुमच्यापैकी कुणी या धक्क्यावर आलात आणि फुलवालीच्या टोपलीशेजारी पितळी तांब्या दिसला, तर नाव चुकली तरी चालेल, क्षणभर थांबा. मराठीत काहीही बोला. पाऊसपाणी कसं आहे, एवढं सांगितलंत तरी पुरे.