धाकटीच्या घराची हवा

शहरात हवा मोजणारी यंत्रं मोजकीच होती. बाकीच्या भागाची हवा थोरली सून तिच्या ऑफिसात बसून अंदाजाने काढायची. रस्ता किती रुंद, त्यावर वाहनं किती, जवळ कारखाना आहे की झाडं, हे नकाशावरून घेऊन ती गल्लीगल्लीला आकडा द्यायची. तिच्याच नकाशात तिचं घर लाल निघालं आणि धाकट्या जावेचं हिरवं. थोरलीकडे राहणाऱ्या सासूबाईंना दमा. नकाशा बघून दोन्ही मुलांनी ठरवलं, आईने आता धाकट्याकडे राहावं. थोरलीने आपल्याच हाताने पायावर धोंडा पाडून घेतला होता.

मग फोनवर रोज सासूबाईंच्या तोंडी धाकटीचं कौतुक. "आज तिने माझे केस विंचरले," "आज तिने मला गच्चीवर नेलं." थोरली "हो का, बरं झालं," म्हणायची आणि आतून जळायची. इतकी वर्षं औषधपाणी केलं हिने, आणि लाडकी झाली ती.

एकदा नकाशा ताजा करताना तिला दिसलं, की धाकटीच्या घरापुढचं मैदान आता मैदान राहिलंच नव्हतं. उपग्रहाच्या नव्या चित्रात तिथे ट्रकच ट्रक उभे होते. तिने मैदान खोडलं, ट्रकतळ घातला आणि गणित पुन्हा चालवलं. धाकटीचं घर थोरलीच्या घराहून गडद लाल झालं. तिचा चेहरा असा खुलला की शेजारच्या टेबलावरच्याने विचारलं, "बढती मिळाली की काय?"

संध्याकाळी ती थेट धाकटीकडे गेली. "आई, चला घरी. इथली हवा आमच्याहून वाईट आहे."

"असेल गं," सासूबाई म्हणाल्या. "ट्रक मलाही दिसतात. पण तुझ्याकडे मी दिवसभर भिंतींशी बोलायचे. तू दमून यायचीस, तुझा तरी काय दोष?"

धाकटी म्हणाली, "वहिनी, आईंची खाट मागच्या खोलीत हलवली तर?"

'काही उपयोग नाही' हे थोरलीच्या अगदी जिभेवर आलं होतं. तिने ते गिळलं. "फरक पडेल," ती म्हणाली. "मागे रस्ता नाही. पुढच्या खिडक्या मात्र बंद ठेव."

दोघींनी मिळून खाट हलवली. धाकटीने पाठीशी उशी लावली, तसा सासूबाईंनी तिचा हात धरला आणि धरूनच ठेवला.

जिना उतरताना थोरलीने नवऱ्याला फोन लावला. "आईंच्या जवळपास भाड्याचं घर मिळतंय का बघ."

"तिकडची हवा कशी आहे?"

"वाईट आहे," ती म्हणाली. "तरी बघ."