फौजदाराच्या वाट्याचं कडू

भाकऱ्या थापून होतात न होतात तोच फौजदार गोठ्याभोवती गरागरा फिरायला लागला आणि फिरायचं थांबेचना. हौदातलं पाणी लपालपा प्यायचं, ओकायचं, पुन्हा फेऱ्या. गोजरबाईंनी आधी दोन शिव्या घातल्या, कारण त्यांच्या घरात कुठल्याही दुखण्यावर पहिला इलाज तोच असे. मग त्याचे मागचे पाय लटपटले, सगळं अंग थरथरायला लागलं, तेव्हा त्या पिठाच्या हातानंच बाहेर धावल्या.

फौजदार हा तृप्तीचा कुत्रा. गोजरबाईंच्या ह्या एकुलत्या एका लेकीनं शाळेत असताना शहागडच्या हायवेवर, ट्रकांच्या चाकांखालून त्याला उचललं होतं आणि ओढणीत गुंडाळून शेतातल्या घरी आणलं होतं. लेक पुण्याला नोकरीला गेली आणि घरात हा राहिला. हा नसता तर नवरा-बायकोला दिवसभर एकमेकांशीच बोलावं लागलं असतं, आणि ते दोघांनाही झेपलं नसतं.

नेमकी उद्या तृप्ती यायची होती. आल्याबरोबर ती आधी कुत्र्याच्या गळ्यात पडणार, मग आईबापांकडे बघणार, हे ठरलेलं.

"कडूबानं विष घातलं," गोजरबाईंचे यजमान, भुजंगराव, म्हणाले. "त्याच्या मोसंबीत फवारा चालूच राह्यतो. बांधाच्या भांडणाचं उट्टं हे असं काढलं त्यानं."

कडूबा शेजारचा. बांधावरून दोन वर्षं बोलणं बंद होतं, त्यामुळे या घरात जे काही बिघडे, ते कडूबानं बिघडवलेलं असे. भुजंगरावांनी हे मुद्दाम मोठ्यानं सांगितलं, बांधापलीकडे ऐकू जाईल असं. मग इलाज सुरू केले. आधी तूप पाजलं, ते फौजदारानं त्यांच्या धोतरावर ओकलं. मग हळदीचं दूध केलं. मग कोणीतरी कधीतरी मिठाचं पाणी सांगितलं होतं ते आठवलं. जबडा धरून ते ओतायला निघाले, तेव्हा गोजरबाईंनी तांब्या हिसकावून घेतला. माणूस कोणत्याही बाबतीत अडाणी असला तरी चालेल, पण अडाणी असून उत्साही नसावा, असं त्यांचं लग्न झाल्यापासूनचं मत होतं.

त्यांनी अंबडच्या जनावरांच्या डॉक्टरांना, साजिया मॅडमना, फोन लावला. मॅडम म्हणाल्या, थरथरणाऱ्या कुत्र्याच्या तोंडात काहीएक घालू नका, जल्दी घेऊन या. पण न्यायचा कसा? मोटरसायकलवर तो बसणारा नव्हता. शिवारात गाडी एकच होती, कडूबाचा पिकअप. भुजंगराव म्हणाले, मरू दे, पण त्याच्या गाडीत न्हाई. गोजरबाईंनी पदर खोचला आणि बांध ओलांडून गेल्या.

कडूबानं सगळं ऐकलेलं होतं. त्यानं मोसंबीची क्रेट खाली उतरवली आणि गाडी काढली. भुजंगराव मागे, फौजदाराचं डोकं मांडीवर घेऊन. गोजरबाई पुढे, आणि कडूबा समोर रस्त्याकडे बघत. मागे कुत्र्याची नखं पत्र्यावर खडखड वाजत होती.

मॅडमनी टेबलावर घेतल्याबरोबर छातीला नळी लावली आणि त्यांच्या कपाळाला आठ्या पडल्या.

"दिल नुसतं पळतंय याचं. काय खाल्लं?"

"विष," भुजंगराव म्हणाले. "फवाऱ्याचं. ह्यांच्या बागेतलं."

कडूबा दारात उभा होता. तो इतकंच म्हणाला की महिनाभर बागेत पंप नेलेला नाही, आणि मुक्या जनावराशी त्याचं काय वैर असणार. भुजंगराव पुन्हा सुरू झाले. गोजरबाईंना वाटलं, ह्या दोघांना आधी सुई टोचावी.

मॅडमनी हात वर करून दोघांनाही गप्प केलं. "काका, नीट ऐका. फवाऱ्याचं विष असेल तर माझ्याकडे इंजेक्शन आहे, आत्ता देते. पण त्यानं दिल आणखी पळतं. विष नसेल तर ह्याच इंजेक्शननं हा जाईल. म्हणून विचारते. अंदाजानं बोलू नका."

तेवढ्यात फौजदाराला पुन्हा उलटी झाली. काळपट, चिकट, आणि तिच्यात चमकणारा कागदाचा बोळा. मॅडमनी तो चिमट्यानं उचलून धरला.

"हे काय? चॉकलेट?"

गोजरबाईंनी पिठाळलेले हात पदराला पुसले.

त्याचं असं होतं. भुजंगरावांना शुगर, गोजरबाईंना बीपी. तृप्तीनं कुठेतरी वाचलं की काळं, बिनसाखरेचं चॉकलेट दोन्हीला चांगलं. तेव्हापासून पुण्याहून शहागडला थांबणाऱ्या ट्रॅव्हल्सवाल्याच्या हाती डबा यायला लागला. आत चॉकलेटच्या वहीएवढ्या वड्या, प्रत्येकाची वेगळी, वर आईबापांची नावं लिहिलेली. रोज एक तुकडा. पहिला तुकडा तोंडात घातला तेव्हा गोजरबाईंना वाटलं, लेकीनं चुकून काढ्याची वडी पाठवली. पण लेकीच्या कष्टाची वस्तू, तिला नावं कशी ठेवायची? आणि फेकायची तरी कशी? अन्न फेकायचं नसतं. ते मुक्या जनावराला घालावं, म्हणजे वायाही जात नाही आणि पापही लागत नाही. त्यांच्या सासूनं हेच केलं, सासूच्या सासूनंही हेच केलं असणार. रोज संध्याकाळी तृप्तीचा फोन यायचा, खाल्लं का म्हणून, आणि गोजरबाई "खाल्लं माय" म्हणायच्या. खाल्लेलं तर असायचंच, कोणी ते तिनं कधी विचारलं नव्हतं. उद्या ती येऊन डबा उघडून बघणार, म्हणून आज सकाळी शेवटची अख्खी वडी शिळ्या भाकरीत कुस्करून फौजदारापुढे ठेवली होती. त्यानं ताटलीसुद्धा चाटून ठेवली.

"म्या घातलं," गोजरबाई म्हणाल्या. "एक वडी. सकाळी."

"दुधाचं की काळं?"

"काळंकुट्ट. कडू."

मॅडमनी डोळे मिटून घेतले. मग सांगितलं की चॉकलेट कुत्र्याला पचत नाही, त्याच्या काळजावर जातं, आणि जितकं काळं तितकं वाईट. आपल्याला औषध, त्याला विष. पण त्यांचं समाधान झालेलं दिसेना. एवढ्या कुत्र्याला एका वडीनं त्रास होणारच, पण इतका? की पोटात आणखी काही आहे? खरंच फवाऱ्याचंही काही गेलं असेल, तर नुसतं चॉकलेटचं बघून चालणार नाही. त्यांचा हात कपाटाकडे गेला आणि तिथेच थांबला.

"बघा, म्हणलो न्हवतो का," भुजंगराव म्हणाले, पण आवाज मघासारखा नव्हता. ते चिमट्यातल्या बोळ्याकडे बघत होते आणि लगेच भिंतीवरच्या म्हशीच्या चित्राकडे बघायला लागले.

गोजरबाईंनीही बोळ्याकडे बघितलं. चॉकलेटचा चंदेरी कागद त्या कधी टाकत नसत. महालक्ष्म्यांच्या मखराला लागतो म्हणून नखानं गुळगुळीत करून फडताळात ठेवत. आज सकाळचाही तसाच ठेवला होता.

"मॅडम," त्या म्हणाल्या, "हा कागद माझा न्हाई."

गोजरबाई नवऱ्याकडे वळल्या. तीस वर्षांत त्यांनी ह्या माणसाचं नाटक इतक्यांदा पाहिलं होतं की पडदा कधी पडणार तेही त्यांना कळायचं.

"आवं, कुत्रं मरून राह्यलं. बोला."

भुजंगरावांनी टोपी काढली. "माझीबी होती ना एक वडी. लई कडू लागती. गोठ्यात टाकली सकाळी. कागदासकट." आणि मग, खाली बघत, "रोजचा तुकडाबी त्यालाच घालत हुतो. म्हणलं, एका तुकड्यानं काय हुतंय. लेकीला कसं सांगावं?"

म्हणजे फौजदार रोज दोघांचाही हिस्सा खात होता, आणि आज दोघांनीही आपापल्या परीनं डबा रिकामा केला होता. आपलं चोरून चाललंय आणि नवरा मात्र निमूट खातोय, ह्या समजुतीत गोजरबाईंना कधीमधी स्वतःची लाज वाटली होती. ती लाज फुकट गेली, ह्याचाच त्यांना त्या घडीला सगळ्यात जास्त राग आला.

मॅडमनी कपाट बंद केलं. आता बराबर कळलं, म्हणाल्या. कोळशाचं औषध नळीनं पोटात, सलाईन, काळीज शांत करायचं इंजेक्शन. मग त्याला खाली फरशीवर निजवून, पुढच्या पायावरचे केस काढून सुई लावली. जगेल का विचारल्यावर संध्याकाळपर्यंत बघू म्हणाल्या. दवाखान्यातून बाहेर येऊन भुजंगराव कडूबासमोर बराच वेळ घुटमळले. शेवटी कडूबाच म्हणाला, "भुजंगदादा, माफी ऱ्हाऊ द्या. मागं ओकलाय त्यो, तेवढी गाडी धुवा." आणि भुजंगरावांनी खरंच बादली मागून घेतली.

ते गाडी धूत असतानाच तृप्तीचा फोन आला. आज लवकर, उद्याची बॅग भरता भरता. भुजंगरावांनी ओल्या हातानं उचलला. चॉकलेट खाल्लं का, असं तिनं विचारलं असणार, कारण हा माणूस सवयीनं म्हणाला, "खाल्लं बाई, लई गोड."

गोजरबाईंनी फोन काढून घेतला. मग त्यांनी लेकीला सगळं सांगितलं, काही वगळलं नाही, स्वतःचंही नाही. पलीकडे तृप्ती आधी रडली, मग ओरडली, मग पुन्हा रडली. गोजरबाईंनी सगळं ऐकून घेतलं. मग त्या आत गेल्या, आणि सलाईनच्या बाटलीखाली पडलेल्या त्या कुत्र्याची इतकी दया आली की तिथेच फरशीवर त्याच्याशेजारी बसल्या.

दिवस कलता कलता थरथर ओसरली. फौजदारानं डोकं उचललं आणि गोजरबाईंच्या पदराला लागलेलं सकाळचं पीठ चाटलं.

दुसऱ्या दिवशी तृप्ती आली. आधी कुत्र्याच्या गळ्यात पडली, मग आईबापांकडे बघितलं, आणि ते बघणं दोघांनाही पुरलं. तिनं बॅग उघडली तर आत आणखी एक डबा, परवाच घेऊन ठेवलेला. तिनं तो मुकाट्यानं बाजूला सारला. पण फौजदाराला वास लागला. एका पायावरचे केस गेलेले, चाल लटपटती, तरी शेपूट हलवत सरळ डब्याकडे. त्या घरात ते चॉकलेट मनापासून आवडणारा तो एकटाच होता.

भुजंगरावांनी डबा उचलून छातीशी धरला. कुत्रा पुढ्यात बसून बघत राहिला. मग त्यांनी एक तुकडा मोडला, लेकीकडे बघितलं, आणि स्वतःच्या तोंडात घातला. चेहरा आक्रसला, डोळ्यांत पाणी आलं, पण गिळला.

"कसं लागतंय, अप्पा?" तृप्तीनं विचारलं.

गोजरबाईंनी फौजदाराला जवळ ओढलं.

"कडू," भुजंगराव म्हणाले.